वसतिगृह मिळालं आणि नऊ गुण गेले: एका विद्यार्थिनीचं प्रकरण

जानेवारी 2024 मध्ये जीवनसमाधानाच्या प्रश्नावलीत तिचा आकडा 27 होता, सप्टेंबरमध्ये 18. मधल्या आठ महिन्यांत तिच्या आयुष्यात मोठी म्हणावी अशी एकच गोष्ट घडली होती, आणि ती चांगली होती. अमळनेर ते जळगाव हे रोजचं अप-डाऊन बंद होऊन ती जळगावात वसतिगृहात राहायला आली. ते मी घडवून आणलं होतं, त्यामुळे या प्रकरणात मी तिऱ्हाईत नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी जळगावातल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. दरवर्षी बी.ए.च्या मुलांच्या प्रात्यक्षिकासाठी इतर शाखांतली काही मुलं-मुली बोलावून त्यांच्याकडून जीवनसमाधानाची एक छोटी प्रश्नावली भरून घेतो. ही मुलगी त्यातली, बी.एस्सी.ची, रसायनशास्त्राची. तिचं नाव इथे येणार नाही, आणि ओळख पटेल असे घरचे तपशीलही बदलले आहेत. गाडीच्या डब्यात बायका तिला ‘धाकली’ म्हणायच्या. मीही तेच म्हणते.

प्रश्नावलीबद्दल थोडं. मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांनी ती 1985 साली अमेरिकेत प्रसिद्ध केली. पाचच विधानं: माझं आयुष्य बऱ्याच बाबतीत मला हवं तसं आहे, माझी परिस्थिती उत्तम आहे, मी माझ्या आयुष्यावर समाधानी आहे, आयुष्यात ज्या महत्त्वाच्या गोष्टी हव्या होत्या त्या आतापर्यंत मिळाल्या, आणि आयुष्य पुन्हा जगता आलं तर मी जवळपास काहीच बदलणार नाही. प्रत्येकापुढे 1 ते 7 यांतला एक आकडा टाकायचा. बेरीज 5 ते 35 मध्ये येते. 20 म्हणजे ना इकडे ना तिकडे, 26 ते 30 समाधानी, 15 ते 19 थोडं असमाधानी. हे निदान नाही, आजाराची चाचणी तर नाहीच. माणूस आज खुशीत आहे की चिडलेला, हेही ती विचारत नाही. मागे वळून आपल्या आयुष्याचा जो हिशोब माणूस मांडतो, तो ती विचारते. आणि हिशोब म्हटला की तो कुठल्या मापाने मांडला, हा प्रश्न येतोच.

मराठी भाषांतर माझंच आहे, आणि पाचव्या विधानाने मला दरवर्षी त्रास दिलाय. ‘आयुष्य पुन्हा जगता आलं तर’ वाचून एका मुलाने विचारलं होतं, “मॅडम, याच आई-बापाच्या पोटी का?” सगळा वर्ग हसला. मला मात्र त्याचा प्रश्न पटला. आपल्याकडे पुन्हा जगणं म्हणजे पुढचा जन्म, आणि पुढच्या जन्मात आई-बाप बदलून मागणं हा कृतघ्नपणा. त्यामुळे या विधानाला आमची मुलं 6 किंवा 7 टाकून मोकळी होतात. जिथे तसं होत नाही, तिथे मी थांबून बघते.

धाकलीच्या सप्टेंबरच्या कागदावर पाचव्या विधानापुढे 2 होता.

गाडी

तिचं गाव अमळनेरपासून सहा किलोमीटर आत. घरची साडेचार एकर कोरडवाहू, मुख्य पीक कापूस. सकाळी साडेपाचला घर सोडायचं, वडील मोटारसायकलवर स्टेशनला सोडणार, मग सुरत-भुसावळ मार्गावरची पॅसेंजर, धरणगाव, पाळधी आणि जळगाव. संध्याकाळी हेच उलटं. दारापासून दारापर्यंत दिवसाचे चार तास जायचे. खर्च मात्र जवळजवळ नाही, कारण पदवीपर्यंतच्या मुलींना घर ते कॉलेज दुसऱ्या वर्गाचा मासिक पास रेल्वे मोफत देते.

खान्देशात हे चित्र नवं नाही. 1990 पर्यंत इथली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. त्या वर्षी जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झालं, आता ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, आणि आजचे जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्याखाली आले. पदवी घराच्या टप्प्यात आली, तरी टप्पा म्हणजे रोजची एसटी नाहीतर रेल्वे. माझ्या वर्गात शेवटच्या तासाला जी मुलं घड्याळाकडे बघतात, ती कंटाळलेली नसतात. त्यांची गाडी असते.

धाकलीही तशीच. दुपारच्या प्रॅक्टिकलला ब्युरेट धुवायच्या आत ती पिशवी उचलायची. रसायनशास्त्राच्या सरांनी एकदा स्टाफरूममध्ये सांगितलं, “हुशार आहे हो, पण टायट्रेशनचं तिसरं रीडिंग कधी घेतच नाही.” ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. जानेवारीत तिच्या कागदावर 6, 4, 6, 5, 6 असे आकडे होते, बेरीज 27. सगळ्यांत कमी दुसऱ्या विधानाला, परिस्थितीला. मी मनाशी म्हटलं, एवढ्या ओढाताणीत 27, मग सोय झाली तर ही पोरगी कुठल्या कुठे जाईल.

डब्यात काय चालायचं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. विचारलंही नव्हतं.

ते नंतर कळलं. बायकांच्या डब्यात ठरलेल्या सात जणी. एक बँकेतल्या ताई, एक दवाखान्यातल्या सिस्टर, दोन शाळेतल्या बाई, एक विमा कार्यालयातल्या, एक शिवणक्लासवाल्या, आणि ही. महिन्याला शंभर रुपयांची भिशी. हिच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं, तेव्हा हिने दोन दिवस तोंड फुगवलं, आणि मग पन्नासवर तडजोड झाली. धरणगाव येईपर्यंत डबे उघडायचे. कळण्याची भाकरी, ठेचा, हिवाळ्यात भरीत. थंडीच्या दिवसांत शाळेच्या बाई तुरीच्या शेंगा घेऊन यायच्या आणि जळगाव येईपर्यंत सगळ्यांकडून सोलून घ्यायच्या.

बँकेतल्या ताईंची एक सवय होती. रोज सकाळी विचारायच्या, “काल काय शिकवलं गं?” आणि हिला सांगावं लागायचं, तेही त्यांना कळेल असं. एकदा कठीण (हार्ड) पाण्याचा धडा होता. या सगळ्याजणींच्या गावात बोअरचं खारं पाणी. साबणाला फेस का येत नाही, भांड्यावर पांढरं का बसतं, हे हिने कॅल्शियम-मॅग्नेशियमवर आणून समजावलं. दुसऱ्या दिवशी सिस्टर घरच्या किटलीतली खपली कागदात बांधून घेऊन आल्या आणि व्हिनेगर घालून ती फसफसते का ते डब्यातच करून बघितलं. फसफसली. हे सांगताना धाकलीचा चेहरा कसा झाला होता, ते मी विसरले नाही. तोवर तिने माझ्यासमोर इतकं सलग बोलणं कधी केलंच नव्हतं.

सोय

मे महिन्यात मी तिच्या वडिलांना फोन केला. शेवटचं वर्ष आहे, रोजचे चार तास वाचतील, अभ्यास होईल, पुढे एम.एस्सी.ला चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळेल. सगळं खरं होतं. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही म्हणता तर ठेवतो.” एवढंच. त्या ‘ठेवतो’मागे घरात काय बोलणं झालं असेल, याचा विचार मी केला नाही.

जूनमध्ये ती वसतिगृहात आली. तीन मुलींची खोली, खिडकीतून कडुनिंब, मेसचं जेवण बरं. खोलीतली एक मुलगी आयआयटीच्या एम.एस्सी. प्रवेशासाठी असलेल्या जॅम परीक्षेची तयारी करत होती, दुसरी राज्यसेवेची. दोघी मनाने चांगल्या, हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टीत खोलीतल्या मुलींवर खापर फोडायची आपल्याला सवय आहे.

सप्टेंबरमध्ये नव्या बॅचच्या प्रात्यक्षिकासाठी मी तिला पुन्हा बोलावलं. खरं सांगायचं तर माझा हेतू शुद्ध नव्हता. मला वाढलेला आकडा बघायचा होता.

4, 6, 3, 3, 2. बेरीज 18.

पहिल्यांदा मला वाटलं, बेरीज चुकली. मग वाटलं, अंतर्गत परीक्षा तोंडावर आल्यात, त्याचा ताण असेल. पण ही प्रश्नावली तशी स्थिर आहे. मूळ अभ्यासातच दोन महिन्यांच्या अंतराने दिलेल्या उत्तरांमधला सहसंबंध 0.82 आला होता (1 म्हणजे पूर्ण जुळणी). एखाद्या वाईट आठवड्याने दोन-तीन गुण हलले तर नवल नाही, नऊ गुण एवढ्यावर हलत नाहीत. तब्येत विचारली, ठीक होती. कुणी त्रास देतंय का, प्रेमाबिमाचं काही आहे का, तेही आडून विचारलं. तसलं काही नव्हतं.

आणि मग दुसरं विधान दिसलं. ‘माझी परिस्थिती उत्तम आहे’, तिथे 4 चे 6 झाले होते. बाकी चारही खाली आणि हे एकटं वर. म्हणजे परिस्थिती सुधारली हे तिला मान्य होतं, फक्त आयुष्य सुधारलं नव्हतं.

तीन गोष्टी बोलण्यातून हळूहळू बाहेर आल्या. पहिली माझ्यासाठी सगळ्यांत अनपेक्षित होती, म्हणून तिच्यावर जास्त लिहिते.

तिच्या वहीच्या मागच्या पानावर एक हिशोब होता. वसतिगृह आणि मेस मिळून वर्षाचे 38 हजार. खाली 2024-25 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव, क्विंटलला 7,521 रुपये. भागाकार करून 5.05. त्याखाली: ‘आई दिवसाला 25-30 किलो वेचते.’ म्हणजे पाच क्विंटलला सतरा ते वीस दिवस. मेसमध्ये पोळी ताटात उरली की तिला हे पान आठवायचं. गावातला व्यापारी हमीभाव देत नाही, त्याहून कमीच देतो, हेही तिने कंसात लिहून ठेवलं होतं, म्हणजे खरा आकडा पाचाच्या वरच. रेल्वेचा पास फुकट होता तेव्हा शिक्षण तिला महाग वाटलं नव्हतं. आता रोजच्या प्रत्येक सोयीला वजन आलं होतं, किलोत.

आणि त्या वजनाला मुदत होती. तिच्या काकांनी घरात म्हटलं होतं, पोरीला जळगावात ठेवताय तर ठेवा, पण पदवीनंतर एक वर्ष; नोकरी नाही लागली तर स्थळं बघायची. वडील ‘हो’ म्हणाले होते. तिने ते ऐकलं होतं. अप-डाऊन करत असताना लग्नाचा विषय घरात निघायचा, पण असा तारीख घेऊन कधी आला नव्हता. मी मिळवून दिलेल्या खोलीबरोबर ही तारीख आली.

दुसरी गोष्ट ओळखीची आहे. लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 साली मांडलं की आपण स्वतःला मोजायला आपल्यासारखी माणसं शोधतो. डब्यात ती रसायनशास्त्र येणारी एकटी होती. खोलीत भिंतीवर जॅमच्या सराव परीक्षांचे क्रमांक लावलेले, आणि दर रविवारी त्यात तिचा नंबर शोधावा लागायचा. मुलगी तीच, गुणपत्रिकाही तीच, पण मोजायची काठी बदललेली.

तिसरी म्हणजे डबा. बँकेतल्या ताईंचं ‘काल काय शिकवलं गं’ आता कुणी विचारत नव्हतं. वाचलेल्या चार तासांचं काय केलंस, असं विचारल्यावर ती जरा वेळ गप्प बसली. तास-दीड तास अभ्यास वाढला होता. उरलेला वेळ मोबाइलमध्ये आणि छताकडे बघण्यात. आईचा फोन यायचा, “जेवनी का?” हिचं अहिराणीतलं उत्तर ठरलेलं: “जेवनी. बठ्ठं बरं शे.” जेवले, सगळं बरं आहे.

मार्टिन सेलिगमन आणि डीनर यांनी 2002 साली 222 विद्यार्थ्यांमधल्या सगळ्यांत सुखी दहा टक्क्यांचा अभ्यास केला होता. या मुलांचं वेगळेपण काय, तर माणसांशी घट्ट संबंध. नुसत्या तेवढ्याने माणूस सुखी होतो असं त्यांनी म्हटलेलं नाही, पण त्याशिवाय त्या गटात कुणी सापडलं नाही. मी हा अभ्यास दरवर्षी शिकवते. रायन आणि डेसी यांचं म्हणणंही शिकवते: आपलं आपण ठरवता येणं, काहीतरी जमतंय असं वाटणं, आणि जिव्हाळ्याची माणसं, या तीन गरजा. फळ्यावर तीन वर्तुळं काढते. या मुलीला त्यातली दोन पॅसेंजरच्या डब्यात मिळत होती आणि तिसरी, मुदत न घातलेलं घर, गावात होती. मी तिन्ही एका अर्जात काढून घेतली.

माझी चूक कुठल्या जातीची आहे, तेही पुस्तकात आहे, हे जास्त लागलं. डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन यांनी 1998 मध्ये अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, कुठली मुलं जास्त समाधानी असतील? दोन्हीकडच्यांनी सांगितलं, कॅलिफोर्नियातली, तिथली हवा चांगली. प्रत्यक्षात स्वतःबद्दलच्या उत्तरांत फरक नव्हता. लांबून बघणाऱ्याला एकच गोष्ट ठळक दिसते आणि तो तिलाच सगळं आयुष्य समजतो. त्यांना हवा दिसली. मला घड्याळ दिसलं.

वडील

वसतिगृह सोडून परत अप-डाऊन करायचं का, असं मी तिला ऑक्टोबरमध्ये विचारलं. ती म्हणाली, “मॅडम, वर्षाचे पैसे भरलेत.” विषय संपला. शेतकऱ्याच्या घरात भरलेल्या पैशाशी वाद घालता येत नाही, हे मलाही कळतं.

म्हणून जे हलवता येण्याजोगं होतं, तेवढंच हलवलं. शनिवारी ती संध्याकाळच्या गाडीने घरी जायला लागली, त्याच डब्यातून. वसतिगृहात अकरावी-बारावीच्या मुली होत्या, त्यांना ती रात्री जेवणानंतर रसायनशास्त्र सांगायला लागली. हे मी सुचवलं नव्हतं. एका मुलीला मोल संकल्पना कळेना म्हणून सुरू झालं आणि आठवड्याभरात पाच जणी गोळा झाल्या.

मुदतीला मात्र हात घालावा लागला. नोव्हेंबरमध्ये वडील कामानिमित्त जळगावला आले होते, तेव्हा मी त्यांना कॅन्टीनमध्ये चहाला बसवलं. धाकलीला विचारूनच, तिच्यासमोर. मी हिशोबाचं पान काढलं नाही, तो तिचा विषय. फक्त एक वर्षाच्या मुदतीबद्दल विचारलं. ते गोंधळले. म्हणाले, “ते तर मी असंच बोललो होतो. भावाचं तोंड बंद करायला.” मग बशीतला चहा तसाच राहिला आणि ते पोरीकडे बघत राहिले. “तू ते धरून बसली का?” ती काही बोलली नाही. घरी गेल्यावर काकांशी काय बोलणं झालं मला माहीत नाही. मुदत गेली असं कुणी जाहीर केलं नाही. पण आईच्या फोनमध्ये स्थळांचा विषय निघेनासा झाला, असं तिने डिसेंबरमध्ये सांगितलं.

फेब्रुवारी 2025 मध्ये तिसऱ्यांदा कागद दिला. 5, 5, 5, 4, 4. बेरीज 23.

आकडा सुधारला म्हणून मी खूश झाले, ते ठीक. पण मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. परिस्थितीचे 6 चे 5 झाले. खोली तीच, मेस तीच, कडुनिंब तोच. माझं वाचन असं: सप्टेंबरमधला 6 हा वडिलांना दिलेला होता. पाच क्विंटल कापूस घालून घेतलेल्या सोयीला 5 कसे द्यायचे? फेब्रुवारीत तिला खोली ही खोली म्हणून बघता आली, डाळ पातळ आहे असं म्हणता आलं. हे माझं अनुमान आहे. ती म्हणते, “तसं काही नाही मॅडम, डाळ खरंच पातळ झाली.”

एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही. ज्या मुलींना घरी अभ्यासाला कोपरा नाही, ज्यांची शेवटची एसटी साडेचारला आहे, ज्यांना घरापासून लांब राहणंच गरजेचं आहे, त्यांच्यासाठी मी आजही वसतिगृहासाठी भांडते. बदललं एवढंच, की वडिलांना फोन लावण्याआधी मी मुलीला दोन गोष्टी विचारते. येता-जाता तुझ्याबरोबर कोण असतं? आणि राहायला आलीस तर घरी कुणाला काय कबूल करावं लागेल? पहिल्या प्रश्नाला मुली हसून उत्तर देतात. दुसऱ्याला वेळ लागतो.

तिला पदवीला प्रथम श्रेणी मिळाली. जॅम दिली नाही. जळगावातच एम.एस्सी.ला प्रवेश घेतला, आणि वसतिगृहाचा अर्ज केला नाही. पदवीनंतर पास फुकट नसतो, विद्यार्थी सवलतीत काढावा लागतो, तो तिने काढला. सिस्टरांची बदली झाली, त्यामुळे डब्यात आता सहा जणी. भिशीत ही पूर्ण शंभर भरते, शिकवणीच्या पैशांतून.

या ऑगस्टमध्ये मी तिला चौथ्यांदा कागद दिला. उभ्या उभ्याच भरायला लागली. चार आकडे टाकले, पाचव्या विधानावर पेन टेकवलं आणि घड्याळ बघितलं. “मॅडम, उद्या भरते, गाडी चुकेल.” कागद माझ्या टेबलावर आहे. चार विधानांची बेरीज या प्रश्नावलीत धरत नाहीत, म्हणून मी ती केलेली नाही.